सस्पेन्स खात्यातली शिल्लक

बँकेत एक खातं असं असतं की त्याला मालक नसतो. पासबुक नाही, चेकबुक नाही, वारसदाराचं नाव नाही. तरी त्यात पैसे येतात आणि जातात. त्याला सस्पेन्स अकाउंट म्हणतात. दिवसभराच्या धांदलीत एखादी रक्कम अशी येते की ती कुणाची, कशापोटी आणि कुठल्या खात्यात घालायची याचा उलगडा होत नाही. मग साहेब म्हणतात, "सध्या सस्पेन्सला टाका, उद्या बघू." ती रक्कम तिथे जाऊन बसते, लग्नात घुसलेल्या अनोळखी पाहुण्यासारखी. वरपक्षाला वाटतं हा वधूपक्षाकडचा, वधूपक्षाला वाटतं वरपक्षाकडचा, आणि पाहुणा दोन्हीकडून जिलबीचा आग्रह करून घेतो. पण वर्षातून एकदा ऑडिटर नावाचा गृहस्थ येतो आणि चहाचा कप तोंडाला लावण्याआधी विचारतो, "सस्पेन्सला काय पडलंय? कधीपासून पडलंय? का पडलंय?"

मी पडलो बी.कॉम. रस आठ की नऊ, विभाव कशाला म्हणतात आणि अनुभाव कशाला, ह्या विषयावर तोंड उघडायचा मला अधिकार नाही. (ज्यांना आहे ते उघडतात. ऐकणाऱ्यांचीही तोंडं उघडतात, पण ती जांभईसाठी.) मात्र वीस वर्षं काउंटरच्या अलीकडे बसून मला समीक्षेचं एक सूत्र सापडलं आहे, आणि ते मी कोणताही सर्व्हिस चार्ज न लावता वाचकांच्या पदरात टाकतो. मालिका बरी की वाईट हे पहिल्या भागावरून ठरवू नये. शेवटचा भाग संपल्यावर तिच्या सस्पेन्स खात्यात किती नोंदी तशाच पडून राहिल्या ते मोजावं. शिल्लक शून्य असेल तर मालिका पास. बाकी नट देखणा होता, नटीच्या साड्या छान होत्या, वाडा मोठा होता, ह्या सगळ्या फर्निचर-फिक्श्चरच्या बाबी झाल्या.

हे सूत्र लावायची वेळ का आली, तर मालिका बघण्याची पद्धतच बदलली म्हणून. आमचे चिरंजीव लातूरला क्लासला असतात. मागच्या श्रावणात चार दिवस घरी आले आणि तीन दिवस अंथरुणातून उठले नाहीत. मोबाइल छातीवर आणि डोळे मोबाइलवर. आमच्या दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं, "काय करायलास रे?" चिरंजीव म्हणाले, "आबा, बिंज करतोय."

दादांना वाटलं, बीज. आता तुकाराम बीज येते फाल्गुनात. दादा काळजीत पडले. "ह्या पोराची बीज श्रावणात कशी काय आली?"

मग त्यांना समजावून सांगितलं की आख्खी मालिका, आठ-दहा भाग, एका बैठकीत बघून संपवायची, रात्र झाली तरी उठायचं नाही, ह्याला हल्ली बिंज म्हणतात. दादांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग त्यात नवं काय? आपल्या सप्त्यात दुसरं काय आसतंय?"

म्हाताऱ्या माणसांची ही एक खोड असते. जगात काहीही निघालं तरी ते आपल्याकडे आधीच होतं असं ते सांगतात, आणि पंचाईत अशी की पुष्कळदा ते खरंही असतं. आमची वडवणी बीडहून परळीकडे जाताना लागते. ह्या टापूत गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह होतात. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि कीर्तनानंतर जागर. विणेकरी बदलतात, पण सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. म्हणजे सात भागांची मालिका झाली, रोज नवा दिग्दर्शक आणि मध्ये जाहिराती नाहीत. (देणगीदारांची नावं वाचून दाखवतात तेवढ्या सोडून.) आणि आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन. काला झाला, प्रसाद वाटला, संपलं. 'पुढील भागात पाहा' असं काल्याच्या कीर्तनात आजवर कुठल्या बुवांनी म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

दुसरी गोष्ट सरमिसळीची. हल्लीच्या मालिकांचं कौतुक असं करतात की त्या एका साच्यात बसत नाहीत. भय आहे म्हणावं तर विनोद निघतो, विनोद म्हणावा तर पोलीस येतात. पण आमच्याकडे साच्यात बसलंय कोण? पैठण काही वडवणीपासून फार लांब नाही. तिथल्या एकनाथ महाराजांनी सोळाव्या शतकात विंचू, भूत, जोशी असल्या मंडळींना भारुडात आणून लोकांना पोट धरून हसवलं, आणि हसता हसता मोक्षाच्या दारात नेऊन उभं केलं. तमाशात आधी गण, म्हणजे गणपतीचं स्तवन. मग गवळण, म्हणजे देवाचीच थट्टा. मग बतावणी, म्हणजे निव्वळ हजरजबाबीपणा. आणि मग वग, ज्यात राजाच्या दरबारात कारस्थान शिजतं. एका रात्रीत भक्ती, थट्टा आणि खून, आणि सकाळी माणूस बैलं सोडायला शेतावर हजर. तेव्हा सरमिसळीला आमची ना नाही. मिसळ खाणाऱ्याने सरमिसळीला नाक मुरडू नये. फक्त मिसळीत खाली उसळ असावी लागते. वरवर नुसती शेव आणि रस्सा असेल तर ती मिसळ नव्हे, फसवणूक आहे.

रोजच्या मालिकांत नेमकी ती उसळ हरवते. आठवड्यातून पाच-सहा दिवस भाग पाडायचा म्हणजे बिचाऱ्या लेखकाने रोज नवी नोंद करायची. जुनी मिटवायला वेळ कुठला? सोमवारी एक चिठ्ठी सापडते, मंगळवारी जिन्यावरून कुणी पडतं, बुधवारी हरवलेला भाऊ येतो, आणि गुरुवारपर्यंत चिठ्ठीचं काय झालं हे चिठ्ठी लिहिणाराही विसरलेला असतो. सगळं सस्पेन्सला. आमच्या जिल्ह्याला अशा लांबणीची सवय आहे म्हणा. अहिल्यानगर–बीड–परळी ही २६१ किलोमीटरची रेल्वे १९९५ साली मंजूर झाली आणि नगरहून बीडला पहिली गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ला. तीस वर्षं! एवढ्यात मालिकेतल्या सुनेची सासू होते आणि सासूचा फोटो होतो. माझ्या लहानपणी ज्यांनी "यंदा रेल्वे येणार" असं पैजेवर सांगितलं होतं, त्यांतले काही आता फोटोतूनच बघतात.

संपण्याची कला मराठी मालिकांना येतच नव्हती असं मात्र नाही. २००१ साली तेव्हाच्या अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आली. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वरून केलेली, केदार शिंदे दिग्दर्शक, आणि आबा स्वतः प्रभावळकर. एका म्हाताऱ्या माणसाच्या रोजनिशीतून आख्खं घर दिसायचं. रोजनिशी म्हणजे आमच्या भाषेत डे-बुक. त्या दिवसाचं त्या दिवशी लिहून मिटवलेलं. म्हणून ती अजूनही कुठलाही भाग काढून बघता येते. मग २००७ साली झी मराठीवर 'असंभव' आली. सतीश राजवाडे दिग्दर्शक आणि चिन्मय मांडलेकर लेखक. घरगुती मालिकेच्या पोटात पुनर्जन्म आणि त्याच्या पोटात पोलीस तपास. नीलम शिर्के ह्यांची सुलेखा पडद्यावर आली की आमच्या गल्लीतल्या बायका मुलांना आत घ्यायच्या. दोन वर्षं चालली आणि संपली. ती संपली ह्याचं लोकांना वाईट वाटलं. मालिका संपल्याचं वाईट वाटणं आणि संपत नसल्याचं वाईट वाटणं ह्यांत जो फरक आहे तोच चांगल्या-वाईटातला फरक.

पण ज्या मालिकेने आमच्या घराची झोप खऱ्या अर्थाने उडवली ती 'रात्रीस खेळ चाले'. २२ फेब्रुवारी २०१६ला झी मराठीवर सुरू झाली, रात्री साडेदहाला. वडवणीत साडेदहा म्हणजे शहाण्या माणसाची पहिली झोप झालेली असते. कोकणातला जुना वाडा (चित्रीकरण सावंतवाडीजवळ आकेरीला), घरचे कर्ते अण्णा नाईक सुरुवातीलाच जातात, विखुरलेलं घर गोळा होतं, आणि मग काही ना काही घडू लागतं. आपण नेमकं बघतोय काय हेच बघणाऱ्याला कळेना. भुताची गोष्ट म्हणावी तर आत भाऊबंदकी. भाऊबंदकी म्हणावी तर आत खुनाचा संशय. संशय दाटून यावा तर पांडू येतो आणि नेमकं सांगायचं तेच विसरतो. (हा पांडू झालेले प्रल्हाद कुडतरकर मालिकेचे एक लेखकच. लेखक स्वतःच विसरभोळा झाला की तक्रार कुणाकडे करणार?)

शिवाय भाषा मालवणी. आमच्या बाईला (मी आईला बाई म्हणतो, इकडे तशीच पद्धत आहे) 'माका' आणि 'तुका' उमजायला आठवडा लागला. पहिले चार दिवस तिचा असा समज होता की त्या घरात मक्याच्या वाटणीवरून वाद आहे. पाचव्या दिवशी तिला 'माका' म्हणजे 'मला' हे कळलं, आणि ती म्हणाली, "मंजी समदे 'मला, मला'च करायलेत." नाईकांच्या घराण्याची ह्याहून नेमकी समीक्षा मी कुठल्या वर्तमानपत्रात वाचलेली नाही.

भुताचं मात्र तिला काही वाटलं नाही. आम्ही सातबाऱ्याच्या मुलखातली माणसं. मेलेल्या माणसाचं नाव उताऱ्यावर तीस-तीस वर्षं जिवंत असतं आणि जित्याला आपण जिवंत आहोत असा दाखला काढावा लागतो. आम्हाला भुताची नवलाई किती वाटणार? बाईचं लक्ष वेगळीकडेच होतं. पडद्यावरची झाडी, पाऊस, ती ओली लाल माती बघून तिने एका रात्री विचारलं, "एवढं पाणी आसताना ही माणसं भांडतेत कामून?" ह्या प्रश्नाचं उत्तर तिन्ही पर्वांत मिळालं नाही. ते मी मालिकेच्या सस्पेन्सला टाकलेलं आहे.

आता ऑडिट. पहिल्या पर्वावर माझा आक्षेप एवढाच, की मालिकेने भूतही ठेवलं आणि माणूसही ठेवला. जे झालं ते अमानवी की मानवी? एक पाय इथे, एक तिथे. एकच रक्कम दोन खात्यांत टाकायची, ह्याला आम्ही डबल पोस्टिंग म्हणतो, आणि त्यावर मेमो मिळतो. कोकणातूनही तक्रारी झाल्या की ह्याने अंधश्रद्धा पसरते आणि मुलखाची बदनामी होते. ती तक्रार समजण्यासारखी आहे. ज्याच्या गावाला भुताटकीचं गाव ठरवलं त्याला रात्री साडेदहाची मजा कशी वाटेल?

दुसरं पर्व २०१९ साली आलं आणि त्याने एक युक्ती केली, जी मला अजून थोर वाटते. गोष्ट पुढे न नेता मागे नेली. जे अण्णा गेलेला माणूस म्हणून ठाऊक होते, ते चालते-बोलते, खाते-पिते, दटावते समोर आले. माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता. आता ह्यात सस्पेन्स काय उरला? अण्णा मरणार हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत. खात्याची अखेरची शिल्लक आधीच सांगून टाकलेली. तरी माणसं जागत होती, कारण प्रश्नच बदलला होता. 'काय होणार?' हा प्रश्न सुटला आणि 'कसं कसं होत गेलं?' हा उरला. एका माणसाचा लोभ पहिल्या उचलीपासून दिवाळखोरीपर्यंत कसा जातो हे पानामागून पान उलटून दाखवावं तसं. कर्जाची थकलेली फाइल मी अशीच उलटी वाचतो. शेवटी जप्तीची नोटीस असते, ती बघायची नसते. पहिल्या पानावर अर्जदाराचा हसरा फोटो असतो, तो बघायचा असतो.

तिसऱ्या पर्वाबद्दल, म्हणजे २०२१च्या, थोडक्यात लिहितो. बंद झालेलं खातं पुन्हा उघडू नये. अण्णा आणि शेवंता भूत होऊन परत आले आणि नुसते भूत झाले. जिवंत असताना ते जास्त भीती घालत होते.

ह्याच्या अगदी उलट टोकाची मालिका म्हणजे 'स्कॅम १९९२'. हंसल मेहतांची, ९ ऑक्टोबर २०२०ला सोनी लिव्हवर आलेली, दहा भागांची, प्रतीक गांधी हर्षद मेहता. देबाशिस बसू आणि सुचेता दलाल ह्यांच्या पुस्तकावर बेतलेली. ती सुरू झाली तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, "दिवसभर हेच करता, आता रात्रीही हेच बघायचं?" रास्त प्रश्न. चष्मेवाली माणसं, फायली, टेलिफोन आणि 'रेडी फॉरवर्ड', 'बँक रिसीट' असले शब्द, जे मी घरी काढले तर पाहुणे चपला शोधू लागतात. पण तेच शब्द ह्या मालिकेत असे काही वाजवले आहेत, की त्या रात्री चौथ्या भागाला सौ.नी मला विचारलं, "आणि त्या पावतीमागे रोखेच नसले तर हो?" सत्तावीस वर्षं वाणिज्य शाखेशी संबंध असलेल्या माणसाला त्याच्या पत्नीने विचारलेला हा पहिला तांत्रिक प्रश्न. व्हाउचरला पार्श्वसंगीत मिळालं की काय होऊ शकतं बघा.

प्रश्नही नेमका होता. एका बँकेने दुसरीला सरकारी रोखे विकायचे आणि ठरल्या दिवशी परत घ्यायचे, असा तो व्यवहार. प्रत्यक्ष रोखे हलवण्याऐवजी एक पावती द्यायची. मध्ये दलाल. आता पावतीच्या मागे रोखेच नसले तर पावती म्हणजे कागद. बँक ऑफ कराडसारख्या लहानशा बँकेच्या अशा पोकळ पावत्यांवर मोठमोठ्यांनी पैसे सोडले. २३ एप्रिल १९९२ला सुचेता दलाल ह्यांची बातमी टाइम्स ऑफ इंडियात आली आणि बांधलेलं सगळं सुटत गेलं. गुन्ह्याची गोष्ट, शेअरबाजाराची शिकवणी, एका कुटुंबाची चढउतार आणि वर्तमानपत्राच्या कचेरीतली चित्तरकथा, असं चार पदरी काम आहे आणि एकही पदर सैल नाही. सस्पेन्सला जवळपास काही शिल्लक नाही. ऑडिटर म्हणून मी सही करायला तयार आहे.

फक्त एक शेरा मारून. मालिका आपल्या नायकावर भाळलेली आहे. बघून उठलेला माणूस ती धून गुणगुणत उठतो, त्याला तो रुबाब आठवतो, ती गाडी आठवते. कराडचा ठेवीदार आठवत नाही, कारण त्याचं पान मालिकेने नीट उघडलंच नाही. हे मला खुपलं त्याला कारण आहे. आमच्या जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत जादा व्याजाच्या आशेने इकडेतिकडे ठेवलेल्या पुष्कळ लोकांच्या ठेवी अडकल्या. नावं घेण्याचं कारण नाही, इकडच्या प्रत्येकाला पाठ आहेत. एकदा काउंटरला एक शेतकरी आले. धोतराच्या सोग्यात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आणखी एक पिशवी, तिच्यात घडी घातलेली ठेवपावती. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली. पावती आमच्या बँकेची नव्हतीच. त्यांना ते माहीत होतं. तरी त्यांनी ती काचेखालून सरकवली आणि हळूच विचारलं, "सायेब, ही हितं चालंल का?"

मालिकेत त्या प्रश्नाला एक मिनिट मिळायला हवं होतं. पार्श्वसंगीताशिवाय.

म्हणून 'स्कॅम'नंतर मी लोकांना 'गुल्लक' बघायला सांगतो. जेवणानंतर बडीशेप द्यावी तशी. गुल्लक म्हणजे आपला मातीचा गल्ला. आमच्या धंद्यातली ही सर्वांत जुनी शाखा. एकच खिडकी, जेवणाची सुट्टी नाही, पैसे भरायची सोय आहे आणि काढायची नाही. काढायचे तर शाखाच फोडावी लागते. २०१९ साली सुरू झालेल्या ह्या हिंदी मालिकेत गोष्ट सांगतो तो हा गल्ला. उत्तरेतल्या कुठल्याशा लहान गावातलं मिश्रांचं घर. वडील वीजखात्यात कारकून (म्हणजे आमच्याच जातकुळीतले), दोन मुलगे, अगांतुकासारखी टपकणारी शेजारीण, आणि आई शांती. ही शांती आपल्या गीतांजली कुलकर्णी, 'कोर्ट' चित्रपटातल्या सरकारी वकील. त्या ज्या तऱ्हेने कुकरकडे बघत बोलतात, त्यावरून आमच्या सौ.नी निष्कर्ष काढला की ह्या बाईंना घरी खरंच स्वयंपाक करावा लागत असणार.

एका पर्वात भाग पाच. खून नाही, पुनर्जन्म नाही, हरवलेला भाऊ नाही. किरकोळ खर्चाच्या वहीसारखी मालिका. एक बिल, एक निकाल, एक रुसवा, लिहिलं आणि मिटवलं. सस्पेन्स खातं उघडलेलंच नाही, आणि तरी पुढचा भाग लावल्याशिवाय राहवत नाही. ह्या कलेचं मला फार आश्चर्य वाटतं. दोष एकच, की गल्ला अधूनमधून प्रवचनाला बसतो. जे आईच्या चेहऱ्यावर आधीच दिसलं ते पुन्हा शब्दांत सांगतो. खुळखुळणारा गल्ला नेहमी अर्धा रिकामा असतो, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

आता शेवटचा मुद्दा. एका बैठकीत मालिका बघणाऱ्यांना आळशी म्हणण्याची पद्धत आहे. मीही म्हटलं असतं, पण आमच्या एक खातेदार बाई आहेत. दसरा-दिवाळी झाली की त्या आणि त्यांचे मालक कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. कारखान्याच्या पट्ट्यात कोपी टाकायची, पहाटे तीनला उठून फडात जायचं, आणि पाडव्याच्या सुमाराला परतायचं. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने घर, शाळा, सण आणि मालिका सगळं मागे. 'रात्रीस खेळ'चं दुसरं पर्व जानेवारी २०१९ला सुरू झालं तेव्हा त्या फडात होत्या. परत आल्या तर गोष्ट कुठल्या कुठे गेलेली. पुढच्या दिवाळीला पुन्हा सुटली. मार्च २०२०ला सगळंच बंद पडलं. मालिका घरात अडकल्या आणि माणसं फडात.

पुढे एका पावसाळ्यात, गावी असताना, त्यांनी मुलाच्या मोबाइलवर ती पहिल्यापासून बघून काढली. पैसे काढायला आल्या तेव्हा डोळे लाल होते. मी काळजीने विचारलं तर म्हणाल्या, "काय न्हाई सायेब, शेवंता बगत होते राती." आणि नोटा मोजता मोजता पुढे म्हणाल्या, "टीव्हीतलं कुणासाठी थांबत न्हाई. ह्यातलं थांबतंय."

मी पासबुक भरून दिलं. आमच्या भागात माणसांसाठी थांबणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत. पाऊस थांबत नाही, मुकादम थांबत नाही, शाळेची परीक्षा थांबत नाही. पावसाचं, रेल्वेचं, ठेवीचं असं पुष्कळ काही इकडे वर्षानुवर्षं सस्पेन्सला पडून आहे, आणि त्याचा ऑडिटर कधी येणार हे कुणालाच ठाऊक नाही. अशा माणसाने आपल्या झोपेतून कापून दिलेली रात्र घेतल्यावर मालिकेने त्याचा हिशेब चुकता करून द्यावा, एवढंच माझं म्हणणं आहे. भूत दाखवा, बँक दाखवा, मातीचा गल्ला बोलका करा, तिन्ही एका भांड्यात ढवळा. पण काढलेली चिठ्ठी शेवटी वाचून दाखवा. आठव्या दिवशी काला करा.

तेव्हा वाचकहो, बघायच्याच असतील तर क्रम असा ठेवा. आधी 'गुल्लक', पोट हलकं असताना. मग 'रात्रीस खेळ चाले', पण दुसरं पर्व आधी, म्हणजे पहिल्याचे पुष्कळ उधार फिटतात. 'स्कॅम' शेवटी, घरातल्या ठेवपावत्या एकदा तपासून मग. आणि जागायचं ते दुसऱ्या किंवा चौथ्या शुक्रवारी रात्री जागा, कारण शनिवारी बँकेला सुट्टी असते. इतर दिवशी जागून काउंटरला बसलेला कारकून तुमच्या नोटा मोजताना मनात शेवंतेचा विचार करत असेल, तर दोन नोटांचा फरक येतो. आणि मग ती रक्कम कुठे टाकतात हे तुम्हाला आता माहीत झालेलंच आहे.